दावा न करण्याच्या शहाणपणाविषयी

घराचा विमा जरूर असावा, पण बारीकसारीक नुकसानीसाठी दावा करू नये, कारण एकदा दावा नोंदला गेला की पुढच्या वर्षी हप्ता वाढतो किंवा कंपनी पॉलिसीचे नूतनीकरणच नाकारते, असा सल्ला मध्यमवर्गीय घरांत आणि एजंटांच्या टेबलापाशी इतक्या सहजपणे दिला जातो की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. या सल्ल्याला व्यवहारचातुर्याचे वलय लाभले आहे. मोटारीच्या विम्याबाबत तो पुष्कळ अंशी खराही आहे, आणि अमेरिकेतील घरमालकाला तो काही वेळा उपयोगी पडतो. परंतु भारतातील घराच्या विम्याला तो जसाच्या तसा लावला, की तो हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही, कायद्याच्या कसोटीवर डळमळतो आणि ज्याच्या हितासाठी म्हणून दिला जातो त्याचेच नुकसान करून जातो.

या विवेचनासाठी उज्जैनचा देवास गेट परिसर समोर ठेवणे सोयीचे आहे. देवासच्या रस्त्यावरील वेशीचे नाव टिकवून असलेल्या आणि रेल्वे स्थानक व बस स्थानक यांच्या वर्दळीवर जगणाऱ्या या भागात घर, दुकान आणि लॉज या तीन गोष्टी एकाच इमारतीत एकमेकींवर रचलेल्या आढळतात: रस्त्यालगत गाळा, मधल्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या, वरती कुटुंब आणि त्याच्याही वर पाण्याची टाकी. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलवेपर्यंत उज्जैन हे शिंदेशाहीचे मुख्य ठाणे होते आणि पलीकडे देवासला पवारांच्या दोन पाती राज्य करीत होत्या, त्यामुळे या पट्ट्यात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेली आहेत, आणि त्यांच्यातील कित्येकांची सर्वांत मोठी मिळकत म्हणजे अशीच एखादी वाटण्या होत होत उरलेली वास्तू असते. नैसर्गिक जोखीमही येथे कल्पनेतली नाही. २८ मे २०२३ रोजीच्या वादळी वाऱ्याने महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती पाडल्या, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात क्षिप्रेला आलेल्या पुराने रामघाटावरची मंदिरे पाण्याखाली घातली. ज्या वाऱ्याने चबुतऱ्यावरच्या मूर्ती उलथल्या, त्याला गच्चीवरचे पत्रे जड जाणार नव्हते.

प्रथम पॉलिसीचे स्वरूप पाहावे लागते, कारण सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात जुनी किंवा भलतीच पॉलिसी असते. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी लागू केली. प्रमाणित याचा अर्थ असा, की कंपनी कोणतीही असली तरी मूळ शर्तींचा मसुदा एकच असतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल, त्याचप्रमाणे पाण्याच्या टाक्या व नळ फुटून किंवा भरून वाहून होणारे नुकसान तिच्यात येते. अशा घटनेतून उद्भवलेली आणि तिच्यापासून सात दिवसांच्या आत झालेली चोरीही येते. वास्तूचा विमा उतरवला, की घरातील सर्वसाधारण सामानाला वास्तूच्या विमाराशीच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, यादी न देताच संरक्षण मिळते. शिवाय अल्पविम्याची कात्री या पॉलिसीत माफ केलेली आहे. अल्पविमा म्हणजे मिळकतीच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा. पूर्वी अशा वेळी भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाई आणि निम्म्या किमतीचा विमा उतरवणाऱ्याच्या हाती निम्मीच रक्कम पडे. दावा करून हाती काही लागत नाही, या जुन्या समजुतीचे मूळ बहुधा या कात्रीत असावे, आणि ती कात्री आता घराच्या बाबतीत उरलेली नाही.

आता मोटारीचे उदाहरण. मोटारविम्यात दावा न केलेल्या प्रत्येक वर्षाबद्दल गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर सवलत मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते, पुढे २५, ३५, ४५ अशी चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर पोहोचते, आणि एक दावा केला की सर्वसाधारणपणे शून्यावर येते. त्यामुळे बंपरला पडलेल्या पाच हजारांच्या पोच्यासाठी आठ हजारांची सवलत गमावू नये, हा हिशेब अगदी रास्त आहे. मात्र हा हिशेब ज्या दोन गोष्टींवर उभा आहे, म्हणजे हप्ता मोठा असणे आणि सवलतीची शिडी त्याहून मोठी असणे, त्या दोन्ही घराच्या विम्यात नसतात. घराचा हप्ता विमाराशीच्या मानाने इतका लहान असतो की त्याच्यावरची शिक्षा, ती झालीच तर, फार मोठी होऊच शकत नाही.

हे आकड्यांत मांडून पाहता येईल. हे आकडे केवळ गणितासाठी गृहीत धरलेले आहेत. देवास गेटजवळच्या एका वास्तूची विमाराशी ४० लाख रुपये असून वार्षिक हप्ता ३,००० रुपये आहे. टाकी फुटल्याने खालच्या मजल्याचे प्लास्टर, वायरिंग आणि लाकडी कपाटे मिळून ६०,००० रुपयांचे नुकसान झाले, आणि ते शर्तींत बसणारे आहे. सल्लागाराचे म्हणणे पूर्णपणे मान्य करून असेही धरले, की कंपनी पुढच्या वर्षापासून हप्ता थेट दीडपट करील आणि ती वाढ कधीही मागे घेणार नाही. म्हणजे वाढ झाली वर्षाला १,५०० रुपयांची. सोडून दिलेल्या ६०,००० रुपयांची बरोबरी व्हायला या वाढीला चाळीस वर्षे लागतील. पॉलिसीत काही रक्कम स्वतः सोसण्याची अट असली तर दोनचार वर्षे कमी धरावीत. याला चातुर्य म्हणायचे असेल तर ते विमा कंपनीच्या बाजूचे चातुर्य आहे.

याच ठिकाणी एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक आहे, कारण दाव्याची शिक्षा झाल्याचा पुरावा म्हणून तो वारंवार पुढे केला जातो. भरपाईच्या रकमेतून कंपनीने काही पैसे कापून घेतले, हे कागदावर दिसताच घरमालक तो दंड समजतो. वस्तुतः ती विमाराशी पूर्ववत करण्याची किंमत असते. ४० लाखांच्या पॉलिसीतून ४ लाखांची भरपाई दिली गेली, तर तत्त्वतः वर्षाच्या उरलेल्या काळासाठी ३६ लाखांचेच संरक्षण राहायला हवे; पण भारत गृह रक्षेत ते पुन्हा ४० लाखांवर आणले जाते आणि त्या ४ लाखांपुरता, उरलेल्या दिवसांचा, प्रमाणशीर हप्ता आकारला जातो, जो कंपनी भरपाईतूनच वळता करून घेऊ शकते. वरच्याच आकड्यांवर, नुकसान बरोबर सहा महिन्यांनी झाले असे धरले, तर ही रक्कम १५० रुपये भरते. दीडशे रुपयांची ही वजावट एजंटाने एका वाक्यात समजावून सांगितली असती, तर पुष्कळशी भीती जन्मालाच आली नसती.

अमेरिकेचा दाखला अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तिकडे स्थायिक झालेल्या मुलामुलींच्या अनुभवांतून तो अनेक मराठी घरांत येऊन पोहोचलेला आहे. तेथे घरांवरील दाव्यांची सात वर्षांपर्यंतची नोंद ‘क्लू’ या सामाईक अहवालात राहते, दुसऱ्या कंपनीकडे गेले तरी ती नोंद पाठ सोडत नाही, आणि गृहकर्ज देणारी बँक विम्यावाचून घर राहू देत नाही. अशा व्यवस्थेत हजार डॉलरच्या दाव्यापूर्वी माणूस विचार करतो, यात नवल नाही. परंतु अलीकडच्या वर्षांत तेथे नूतनीकरणाचे जे खरे संकट उभे राहिले, त्याचा धडा नेमका उलटा आहे. स्टेट फार्म या मोठ्या कंपनीने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात घरविम्याचे नवे अर्ज घेणे थांबवले आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे ७२,००० पॉलिसींचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले, ते घरमालकांनी दावे केले म्हणून नव्हे; वणव्याचा धोका, बांधकामाचा वाढता खर्च आणि पुनर्विम्याची महागाई ही कारणे त्यामागे होती. पुनर्विमा म्हणजे विमा कंपन्यांनी स्वतःच्या जोखमीचा काही भाग मोठ्या कंपन्यांकडे सोपवण्यासाठी घेतलेला विमा. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या ज्या माणसाने वीस वर्षे एकही दावा न करता छपराची दुरुस्ती स्वतःच्या खिशातून केली, त्यालाही त्या संयमाने वाचवले नाही.

दावा न केल्याने नुकसान पुसले जात नाही, हा मुद्दा तर सल्लागारांच्या ध्यानातही येत नाही. विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा असतो. जोखमीविषयी जी गोष्ट घरमालकाला ठाऊक आहे आणि कंपनीच्या निर्णयाला महत्त्वाची आहे ती त्याने आपण होऊन सांगितली पाहिजे, असे हे तत्त्व म्हणते. प्रस्ताव-अर्जांत अनेकदा मागील दाव्यांबरोबर मागील नुकसानीचीही विचारणा असते. पावसात भिंत खचली, घरमालकाने दावा केला नाही, गवंडी बोलावून वरवर लिंपून घेतले आणि नूतनीकरणाच्या अर्जात नुकसानीपुढे ‘नाही’ असे लिहिले. दोन पावसाळ्यांनी तीच भिंत पुरात कोसळली आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीचे मूल्यमापन करणारा परवानाधारक तज्ज्ञ, पाहणीला आला, तर जुनी भेग आणि नवे प्लास्टर यांतला फरक त्याला ओळखता येतोच. तेव्हा वाढीव हप्त्याचा प्रश्न मागे पडतो आणि माहिती दडवल्याचा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचे उत्तर देणे फार अवघड असते. हप्त्यातील हजार-दीड हजारांच्या वाढीला भिऊन लाखांचा दावा धोक्यात घालणे, हा या सल्ल्याचा सर्वांत महागडा परिणाम आहे. दाव्यामागे वर्षभर हेलपाटे घालावे लागतात, हे त्याला जोडून येणारे कारणही पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही: इर्डाईच्या २०२४ च्या परिपत्रकांनी सर्व्हेअर नेमण्यासाठी २४ तास, त्याच्या अहवालासाठी १५ दिवस आणि अहवालानंतर निर्णयासाठी ७ दिवस अशी मुदत घालून दिली आहे. मुदत घालून दिली म्हणजे ती पाळली गेली असे नव्हे, हे सरकारी परिपत्रके वाचणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण मुदत मोडल्यावर जाब विचारण्याचा आधार तरी आता हातात आहे.

येथवरचा प्रतिवाद शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याचा झाला. याहून वजनदार प्रतिपक्ष विमा व्यवसायाचा आहे. त्याचा युक्तिवाद असा, की मागील दावे हे पुढील दाव्यांचे सर्वांत विश्वसनीय लक्षण असते, ज्याने एकदा दावा केला तो पुन्हा करण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याचा हप्ता वाढवला नाही तर त्याचा भार दावा न करणाऱ्यांवर पडतो. शिवाय १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर जोखमीनुसार किंमत ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहेच. या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे. एकाच घरात तीन वर्षांत तीनदा नळ फुटला तर तो दैवाचा भाग राहत नाही, देखभालीचा प्रश्न होतो, आणि विमा हा नळ न बदलण्याचा परवाना नाही.

परंतु हा युक्तिवाद सर्व दाव्यांना एकाच मापाने मोजतो, आणि तेथेच तो फसतो. पुराने किंवा वादळाने झालेल्या नुकसानीचा दावा माणसाविषयी काहीच सांगत नाही. तो जागेविषयी सांगतो. मालीपुऱ्यातील एखाद्या गल्लीत पाणी शिरले आणि दहापैकी दोन विमाधारकांनी दावा केला, तर त्या गल्लीची जोखीम दहाही घरांसाठी सारखीच उघड झाली. कंपनीला ती वाढलेली दिसत असेल तर तिने त्या भागाचा दर वाढवावा, आणि तोही कारण देऊन. त्याऐवजी दोघांचाच हप्ता वाढवला, तर ती जोखमीची किंमत नसून हक्क बजावल्याबद्दलचा दंड होय. यावर असे म्हटले जाईल, की दावा करणाऱ्याचे जोते कदाचित सखल असेल आणि म्हणूनच पाणी त्याच्याकडे आधी शिरले असेल. असे असेल तर जोते मोजावे; त्यासाठी दाव्याची वाट पाहण्याची गरज नाही आणि दावा न केलेल्या सखल जोत्याला सवलत देण्याचेही कारण नाही. आपल्या आळसाने न केलेल्या पाहणीची जागा कंपनीने ग्राहकाच्या प्रामाणिक दाव्याला देऊ नये.

हे तत्त्व भारतीय विमा व्यवस्थेला अपरिचित नाही. आरोग्यविम्यात मागील वर्षी दावा केला या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही आणि एका माणसाच्या दाव्याकडे बोट दाखवून त्याचा हप्ता वाढवता येत नाही, असे नियामकाने फार पूर्वीच ठरवले आहे. त्याही अगोदर, २००१ मध्ये, बिमान कृष्ण बोस विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता: विमाधारकाने नाकारलेल्या दाव्यासाठी न्यायालयात दाद मागितली होती, आणि त्याच्या त्या वर्तनाकडे बोट दाखवून कंपनीने मेडिक्लेम पॉलिसीचे नूतनीकरण नाकारले होते. न्यायालयाने हा नकार मनमानी ठरवला. खासगी व्यक्तीला कोणाशी करार करायचा याचे स्वातंत्र्य असते, तितके शासनसंस्थेला नसते आणि तिला न्याय्य वागणुकीचे बंधन असते, हा त्या निर्णयाचा गाभा होता.

प्रतिपक्ष म्हणेल, की हा निर्णय सरकारी कंपन्यांच्या मक्तेदारीच्या काळातील वादाचा आहे, आज बाजारात खासगी कंपन्या आहेत आणि त्या संविधानाच्या अर्थाने शासन नाहीत. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. पण खासगी कंपनी हा धंदा नियामकाच्या परवान्यावर करते, तो परवाना देणाऱ्या संस्थेवर १९९९ च्या कायद्याने विमाधारकांच्या हितरक्षणाची जबाबदारी टाकलेली आहे, आणि इर्डाईच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार, सरकारी असो वा खासगी, कोणत्याही कंपनीला चालू पॉलिसी केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणावरून आणि किमान सात दिवसांची सूचना देऊनच रद्द करता येते. वर्षाच्या तीनशे चौसष्टाव्या दिवशी जे कंपनीला करता येत नाही, ते तीनशे सहासष्टाव्या दिवशी कारण न देता करता यावे, यात तर्क दिसत नाही. आजारी पडलेल्या माणसाला जे संरक्षण दिले ते घर पडलेल्या माणसाला नाकारण्यामागेही नियामकाने आजवर कोणते तत्त्व सांगितलेले नाही.

नूतनीकरणाच्या वेळी देवास गेटच्या घरमालकाने खरोखर सावध राहायचे असेल तर ते वेगळ्याच बाबतीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून यात्रेकरूंची वर्दळ वाढली आहे आणि २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे. वरच्या दोन खोल्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा त्या रात्रीच्या दराने द्याव्यात असा मोह स्टेशनजवळच्या कोणत्याही कुटुंबाला होणार, आणि त्यात गैर काही नाही. परंतु भारत गृह रक्षा ही निवासी घराची पॉलिसी आहे. स्वयंपाकघर पंधरा माणसांसाठी चालू लागले, जिन्यात गॅसचे जादा सिलिंडर आले, खोल्यांना क्रमांक पडले, की जोखीम बदलते आणि तो भाग व्यवसायाच्या सदरात जातो. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी प्रमाणित पॉलिसी त्याच दिवशी, म्हणजे १ एप्रिल २०२१ लाच, सुरू झालेली आहे. हा बदल न कळवता जुनीच पॉलिसी वर्षानुवर्षे पुढे चालवणारा माणूस दावा न केल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत असतो. ज्या दिवशी दावा करावाच लागेल त्या दिवशी त्याच्या हाती कागदापलीकडे काही राहणार नाही.

ज्यांना तरीही दरवर्षीच्या नूतनीकरणाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी एक मार्ग पॉलिसीतच आहे, आणि तो सल्लागार क्वचितच सांगतात. भारत गृह रक्षा एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येते. तेवढा काळ नूतनीकरणाचा प्रसंगच येत नाही, वास्तूची विमाराशी दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, आणि मधल्या काळात केलेल्या दाव्याचे निमित्त करून कंपनीला हप्ता फिरवता येत नाही. एकरकमी हप्ता भरणे सर्वांना परवडणारे नाही, हे खरे. ज्यांना वर्षावर्षाचीच पॉलिसी घ्यावी लागते त्यांनी निदान मुदत संपू देऊ नये. जून महिन्यात पंधरा दिवस विमा नसणे हे वाढीव हप्त्यापेक्षा कितीतरी पटीने धोक्याचे आहे.

आणि ज्याचा हप्ता दाव्यानंतर वाढलाच, त्याने तो मुकाट्याने भरण्याचे किंवा रागाने पॉलिसी सोडण्याचे कारण नाही. भरलेल्या किंवा भरावयाच्या हप्त्याविषयीचा वाद विमा लोकपालाच्या अधिकारकक्षेत येतो. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळला आहे, त्याच्याकडे तक्रार करायला फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा तो देऊ शकतो. अगोदर कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते इतकेच. त्या लेखी तक्रारीत विचारण्याचा प्रश्न एकच आहे: वाढलेल्या हप्त्यापैकी किती रक्कम परिसराच्या दरवाढीची, किती विमाराशीच्या वाढीची आणि किती केवळ मागील दाव्याची? आज कंपन्या नूतनीकरणाच्या सूचनेत एकच बेरीज छापतात. ती या तीन ओळींत फोडून दाखवण्याची सक्ती नियामकाने केली, तर दाव्याबद्दल शिक्षा होते की नाही हा वाद तर्कावर चालवण्याची वेळ कोणावरही येणार नाही, कारण तिसऱ्या ओळीतला आकडा घरमालकाला आणि भोपाळच्या लोकपालाला सारखाच वाचता येईल.